मूळव्याध म्हणालं कोण?

उत्तर गोव्यातल्या एका गावातून ४४ वर्षांच्या प्राथमिक शिक्षिकेचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून ते थोडक्यात देत आहे.

शिगम्याच्या, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या सणाच्या सुमारास त्यांना पहिल्यांदा शौचावाटे रक्त दिसलं. कधी ताजं, कधी गडद, कधी शेंबडासारख्या आवेत मिसळलेलं. सासूबाई म्हणाल्या, उष्णता झाली, मूळव्याध असणार, तुझ्या मामेसासऱ्यांनाही होती. आंबे-फणस बंद झाले, सुरण सुरू झाला, शेजारच्या गावातल्या एका जाणत्याकडून झाडपाल्याचं औषध आलं. तीन आठवडे रक्त थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. आता सकाळी बस पकडायच्या आधी तीन-तीनदा जावं लागतं, तरी पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. एक आठवडा खडा, एक आठवडा पातळ. वजन चार किलोंनी उतरलं, मैत्रिणी कौतुक करतात. शाळेतल्या आरोग्य शिबिरात हिमोग्लोबिन ८.९ निघालं. पाळी पूर्वीसारखीच असूनही ‘पाळीमुळे असेल’ म्हणून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. रक्त जातं हे तिथे सांगायचं धाडस झालं नाही. दुखत मात्र काहीच नाही. वडील ५१व्या वर्षी ‘पोटाच्या दुखण्याने’ गेले. बांबोळीच्या इस्पितळात ऑपरेशन झालं होतं, पण त्या दुखण्याचं नाव घरात कुणी कधी घेतलं नाही. नवऱ्याला यातलं काहीच माहीत नाही.

त्या विचारतात: “चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आहे. सगळे मूळ घरी जमणार, स्वयंपाकाचं माझ्याकडेच असतं. मुलगा दहावीत आहे. चवथ झाल्यावर दाखवलं तर चालेल ना? दुर्बीण घालून घ्यायची लाज वाटते. आणि काही वाईट निघालं तर ते या वर्षी कळायलाच नको असंही वाटतं. मूळव्याधच असेल ना?”

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले आणि एकाच गोष्टीचा माग काढत गेले: मूळव्याध म्हणालं कोण? सासूबाई म्हणाल्या, मामेसासऱ्यांवरून. औषध देणाऱ्याने तुम्ही नेलेलं नाव धरून औषध दिलं. शिबिरातल्या डॉक्टरांना रक्ताचं कळलंच नाही, त्यांनी पाळीचं नाव घेतलं. म्हणजे चार महिने तुम्ही ज्या आजारावर उपचार घेत आहात, तो तुम्हाला आहे असं एकाही माणसाने तपासून सांगितलेलं नाही.

यात सासूबाईंना बोल लावायचा नाही. मूळव्याध खरोखर घराघरांत असते आणि त्यांचा अंदाज बरोबरही निघू शकेल. शौचावाटे रक्त जाणाऱ्या बहुतेकांना कॅन्सर नसतो. मूळव्याध असते, गुदद्वाराला चीर पडलेली असते, आतड्याला सूज असते, जंतांचा किंवा अमिबाचा त्रास असतो, नाहीतर आतड्याच्या अस्तरावर साधे पॉलिप, म्हणजे मशासारख्या गाठी असतात. तेव्हा हे उत्तर वाचून रात्रभर जागू नका. पण अंदाज तो अंदाज. रक्त कुठून येतंय ते कुणीतरी बघेपर्यंत त्याला नाव द्यायचं नाही, एवढाच माझा आग्रह आहे.

आता तुमच्या पत्रातल्या खुणा बघू. मूळव्याधीचं रक्त बहुधा लालभडक असतं, मळावर वरून लागलेलं, किंवा शेवटी टपटप ठिबकणारं. चीर असेल तर काच फिरवल्यासारखं दुखतं, माणूस परसाकडे जायलाच घाबरतो. तुम्ही लिहिता, रक्त आवेत मिसळलेलं असतं आणि कधी गडद असतं. शिवाय पोटाची सवयच बदलली आहे, आणि ती चार महिने बदललेली राहिली आहे. मूळव्याध सहसा हे करत नाही. साफ न झाल्याची जी भावना तुम्ही वर्णन केलीत, तिच्याबद्दल दोन शब्द सांगते. गुदाशयात मळ आला की शरीर कळ देतं. तिथे मळाऐवजी सूज असली, गाठ असली, तरी शरीराला तो फरक कळत नाही, ते ‘जा, जा’ म्हणतच राहतं. माणूस तीनदा जातो आणि हाती थोडी आव, थोडं रक्त लागतं.

एकेक खूण सुटी धरली तर प्रत्येकीला निरुपद्रवी कारण सापडतं, आणि तुम्ही ते शोधलंही आहे. रक्ताला आंबे, अशक्तपणाला पाळी, वजनाला शाळेपर्यंतची चाल, पोटाला बसची घाई. चार खुणा आणि चार वेगवेगळी कारणं! डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षांत आम्हाला शिकवतात ते याच्या उलट: एका माणसात चार गोष्टी एकदम बदलल्या तर आधी एकच कारण शोधा.

हिमोग्लोबिनचं तर मला फारच लागलं, कारण यात आम्ही डॉक्टरही दोषी आहोत. बाई दिसली, रक्त कमी दिसलं, की पाळीचं नाव घेऊन गोळ्या द्यायच्या. घागर भरत राहायची, तिला भोक कुठे पडलंय ते बघायचंच नाही. पाळी जास्त जात नसताना हिमोग्लोबिन ८.९ वर येतं, तेव्हा रक्त दुसरीकडून जातंय का, हे विचारायलाच हवं. पुरुषांच्या बाबतीत आणि पाळी गेलेल्या बायकांच्या बाबतीत तर हा प्रश्न टाळताच येत नाही. लोह कमी निघालं की पोट-आतडं तपासायचं, हा नियमच आहे.

हे नीट समजायला आतड्याची रचना थोडी माहीत हवी. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. पोटाच्या उजव्या बाजूने ते वर चढतं, आडवं जातं आणि डाव्या बाजूने खाली उतरतं. उजवीकडे ते रुंद असतं आणि आतला मळ पेजेसारखा पातळ. तिथे कॅन्सरची गाठ वाढली तरी वाट अडत नाही. रक्त थेंब थेंब झिरपतं, मळात मुरतं, डोळ्यांना दिसतच नाही. अशा माणसाचं लक्षण काय, तर देवळाच्या पायऱ्या चढताना धाप लागणं. हृदयाच्या सगळ्या तपासण्या करून, फाईल काखेत मारून आलेले असे लोक मी पाहिले आहेत. डावीकडे आतडं अरुंद आणि मळ घट्ट. तिथे गाठ असेल तर बद्धकोष्ठ, मधूनच जुलाब, पोटात मुरडा, मळाची धार बारीक होणं ही लक्षणं. अगदी शेवटी, गुदाशयात असेल तर ताजं रक्त आणि ती साफ न होण्याची भावना. आजार एकच, पण तीन जागी तीन सोंगं घेतो.

दुखत नाही, हे तुम्ही पत्रात दिलासा म्हणून लिहिलंय. त्याचा आधार घेऊ नका. आतड्याच्या आतल्या अस्तराला कापल्याचं दुखणं कळत नाही. पॉलिप तारेच्या फासाने कापून काढतात तेव्हाही पेशंटला त्याची जाणीव होत नाही. आतडं ताणलं गेलं, अडलं, तरच दुखतं, आणि तोवर बराच उशीर झालेला असू शकतो. तसंच झाडपाल्याचं. औषधाने रक्त थांबलं म्हणजे निदान बरोबर होतं, असं होत नाही. पॉलिप असो की कॅन्सर, त्यांचं रक्त आपोआप थांबतं आणि आपोआप सुरू होतं. मधल्या तीन आठवड्यांचं श्रेय औषधाला मिळालं, एवढंच.

वडिलांबद्दल विचारते, रागावू नका. त्यांना नेमकं काय झालं होतं?

आपल्याकडे त्या पिढीत काही दुखण्यांची नावं उच्चारतच नसत. ‘तसलं’ म्हणत, ‘पोटातलं’ म्हणत, फार तर ‘मोठं दुखणं’. नाव घेतलं तर ते घरात येईल अशी भीती. पण नाव न घेतल्याने तुम्हाला तुमचाच धोका कळला नाही. आईला विचारा. एखाद्या दुपारी, भाजी निवडताना विचारा: “आई, बाबांचं ऑपरेशन कशाचं होतं?” ट्रंकेत, कपाटाच्या तळाशी जुना डिस्चार्जचा कागद असेल तर तो शोधा, त्यावर असेलच. ते आतड्याचं दुखणं असेल तर सर्वसाधारण नियम असा आहे: आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर पुढच्यांनी चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयापेक्षा दहा वर्षं आधी, यांतलं जे आधी येईल तेव्हा तपासणी सुरू करायची. त्या हिशोबाने काही त्रास नसता तरी तुमची तपासणी चाळिसाव्या वर्षीच व्हायला हवी होती. तुमच्या सख्ख्या भावंडांनाही हेच लागू. आणि वडिलांच्या बाजूला आणखी कुणाला आतड्याचा, किंवा एखाद्या आत्याला गर्भाशयाचा कॅन्सर झाला होता का, तेही विचारा. लिंच सिंड्रोम नावाचा एक आनुवंशिक दोष असतो, त्यात हे दोन्ही एकाच घराण्यात, कमी वयात दिसतात. डॉक्टरांना ही माहिती सोन्यासारखी असते.

‘आमच्या वयात कुठे असतं हे’ असं तुम्ही म्हटलेलं नाही, पण इतर वाचक म्हणतील. हॉलिवूडचा अभिनेता चॅडविक बोसमन २०२०च्या ऑगस्टमध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेला तेव्हा ४३ वर्षांचा होता. अमेरिकेत सर्वसामान्य लोकांची तपासणी पन्नाशीपासून सुरू करत. २०२१ मध्ये ते वय ४५ वर आणलं, कारण तरुण रुग्ण वाढत होते. आपल्याकडे पाश्चात्त्य देशांच्या मानाने हा आजार कमी, म्हणून तो चटकन कुणाच्या मनात येत नाही. सरकारी तपासणी मोहिमांत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख बघतात, मोठं आतडं त्यांत नाही. त्यामुळे इथे कुणी बोलावून तपासणार नाही, आपल्यालाच जावं लागतं.

आता चवथ. तुमच्या मूळ पत्रात ‘चवथ झाल्यावर’ हे शब्द तीन वेळा आले आहेत, मी मोजले. ताई, मी याच मातीतली आहे. चवथ झाली की नवरात्र येतं, मग दिवाळी, मग तुळशीचं लग्न, मग गावच्या देवाची जत्रा, आणि तोवर मुलाची परीक्षा. गोव्याच्या पंचांगात रिकामा महिना नसतो. बरं, तुम्ही काय पुढे ढकलताय तेही बघा. डॉक्टरांकडे पहिली भेट म्हणजे एक सकाळ. कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघणं, तिला दोन-तीन दिवस हलकं खाणं आणि एक दिवस रजा. हे चवथीच्या आधी सहज बसतं. नेवऱ्या (करंज्या) कोण करणार ही अडचण खरी आहे, पण ती नेवऱ्यांची आहे. नणंद करील, जाऊ करील, नाहीतर यंदा दुकानातून आणतील. पेले आठवतात का? घरातल्या मुलाला विचारा, फुटबॉलवेड्या गोव्यात त्यांना न ओळखणारा विरळा. महामारीमुळे त्यांच्या नेहमीच्या तपासण्या राहून गेल्या होत्या. २०२१ मध्ये त्या केल्या तेव्हा मोठ्या आतड्यात गाठ सापडली. २९ डिसेंबर २०२२ रोजी ते गेले. ते ८२ वर्षांचे होते, आणि तपासण्या वेळेवर झाल्या असत्या तर काय झालं असतं हे कुणी सांगू शकत नाही. पण राहून गेलेल्या तपासणीचा विषय निघाला की मला ते हटकून आठवतात.

‘या वर्षी कळायलाच नको’ या तुमच्या वाक्यावर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. भीती मला समजते. पण त्यामागे एक समजूत लपली आहे: कळेपर्यंत आजार नसतो, आणि कळल्यावर मुलाचं वर्ष बिघडतं. प्रत्यक्षात हा आजार ज्या गतीने चालतो ती गती तुमच्या बाजूची आहे, तिचा फायदा घ्यायचा की नाही एवढाच प्रश्न. साध्या पॉलिपचा कॅन्सर व्हायला बहुधा दहा वर्षांच्या आसपास लागतात. दुर्बिणीतून पॉलिप दिसला तर तिथल्या तिथे काढता येतो, म्हणजे होऊ घातलेला कॅन्सर होण्याआधीच निघून जातो. इतर फार थोड्या कॅन्सरांबद्दल असं म्हणता येतं. आणि समजा कॅन्सर निघालाच, तर अमेरिकेतल्या आकडेवारीत आतड्यापुरताच असताना सापडलेल्या दहांतले सुमारे नऊ जण पाच वर्षांनंतर हयात असतात. यकृतात, फुप्फुसात पसरल्यावर सापडला तर दहांतला एखाददुसरा. मुलाचं दहावीचं वर्ष वाचवायचं की पुढची सगळी वर्षं, असा हा हिशोब आहे. शिवाय मूळव्याधच निघाली, तर चार महिन्यांची ही चोरून वागवलेली धास्ती एका दिवसात संपेल आणि तिच्यावरही धड उपचार होतील.

पोटावर कायमची पिशवी लावतात, ही आणखी एक भीती लोक मनात धरून असतात. मोठ्या आतड्याच्या बहुतेक ऑपरेशनांत कायमची पिशवी लागत नाही. लागली तरी काही महिन्यांपुरती असू शकते. गाठ गुदद्वाराच्या अगदी जवळ असेल तर कधी कायमची लागते. आणि ‘सुरी लागली की पसरतं’ हे तर मी चाळीस वर्षं ऐकतेय. दुर्बिणीतून तुकडा घेतल्याने कॅन्सर पसरत नाही.

लाजेबद्दल मी उपदेश करणार नाही, माझी स्वतःची गोष्ट सांगते. पेशंटना कोलोनोस्कोपी करा म्हणून सांगणाऱ्या मी स्वतःची दीड वर्ष पुढे ढकलली होती. कारण? ओळखीचे डॉक्टर, ओळखीच्या नर्सेस, आणि आपण तिथे तसं कुशीवर पडून राहायचं! शेवटी केली. गुंगीचं इंजेक्शन दिलं, नर्सने अंगावर चादर घातली, मी तिला काहीतरी विचारत होते आणि पुढचं आठवतं ते चहाचा कप. दोन लहान पॉलिप निघाले, काढून टाकले. त्या खोलीतल्या लोकांनी दिवसभरात आणखी कितीतरी जणांचं तेच केलं असेल. माझं त्यांना काय कौतुक!

तेव्हा सोमवारी तालुक्याच्या आरोग्य केंद्रात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि पहिल्याच वाक्यात सांगा: “चार महिने शौचावाटे रक्त जातंय, सवय बदलली आहे, वजन उतरलंय, हिमोग्लोबिन ८.९ आहे, वडील पोटाच्या आजाराने ५१व्या वर्षी गेले.” कागदावर लिहून न्या, तोंडी बोलताना आपण रक्ताचं शेवटी सांगतो, दारातून बाहेर पडताना. बाई डॉक्टर हव्या असतील तर तसं विचारा. पुरुष डॉक्टर असले तर नर्स खोलीत थांबेल असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. त्यांनी गुदद्वारातून बोटाने तपासायला हवं. मिनिटभराची तपासणी आहे, पण गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ तिच्यातच कळू शकते. कुणी न तपासता नुसतं मलम लिहून दिलं तर नम्रपणे म्हणा, “डॉक्टर, एकदा तपासून बघता का?” आणि मूळव्याध सापडली तरी तिथे थांबू नका. मूळव्याध आणि वरची गाठ एकाच माणसात असू शकतात. तुमच्या खुणा बघता पूर्ण आतड्याची कोलोनोस्कोपी व्हायला हवी, असं माझं मत आहे.

पोटाची सोनोग्राफी करून ‘सगळं नॉर्मल’ म्हणून घरी येऊ नका. आतड्याच्या आतलं अस्तर सोनोग्राफीत दिसत नाही. मळातलं छुपं रक्त शोधायची तपासणी असते, ती काहीच त्रास नसलेल्यांची चाळणी करायला चांगली. तुम्हाला रक्त डोळ्यांनी दिसतंय, ते शोधून काय करायचं? सीईए नावाची रक्ताची चाचणी लॅबच्या पॅकेजात असते, तीही निदानासाठी नाही.

चिठ्ठी घेऊन बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, जायचं की खाजगीत, हा तुमच्या सोयीचा प्रश्न. गोमेकॉत ओपीडीला गर्दी असते, सकाळ जाते, पण पुढे काही लागलंच तर सर्जन, कॅन्सरचे डॉक्टर, सगळे एकाच आवारात. खाजगीत तारीख लवकर मिळू शकते, खर्च आधी विचारून घ्या. नोकरीत वैद्यकीय खर्चाची परतफेड असेल तर शाळेच्या कार्यालयात आधीच चौकशी करा. इतर वाचकांसाठी: राज्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ पासून आहे, तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत संरक्षण. कोणत्या तपासणीला ती लागू होते ते इस्पितळातल्या योजनेच्या टेबलावर विचारा, आणि कार्डाची मुदत संपली नाही ना, ते आजच बघा. तारीख फार लांबची मिळाली तर गप्प बसू नका. लक्षणं कोणती आहेत ते सांगून आधीची मागा.

नवऱ्याला सांगण्यासाठी वेगळा मुहूर्त नको. जेवणं आटोपल्यावर, मुलगा अभ्यासाला बसला की सांगा: “चार महिने मला रक्त जातंय. रक्त कमी झालंय. तपासणी करायची आहे आणि त्या दिवशी मला तुम्ही सोबत हवे आहात.” ‘कॅन्सर’ हा शब्द तुम्ही काढायची गरज नाही, कारण तो अजून कुणी तपासून सांगितलेला नाही, जशी मूळव्याध सांगितलेली नाही. मुलाला सध्या ‘आईची तपासणी आहे’ एवढं पुरे. मुलांना घरातली कुजबुज कळतेच. त्यांना घाबरवते ती कुजबुजच.

तयारीबद्दल थोडं, कारण तपासणीपेक्षा लोक तयारीला जास्त कंटाळतात. लोहाच्या गोळ्या पाच-सात दिवस आधी डॉक्टरांना विचारून बंद करा, त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो, आतलं दिसत नाही. रक्त पातळ करणाऱ्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या कुणी घेत असेल तर त्यांनी आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. दोन-तीन दिवस चोथा नको: पालेभाज्या, पेरू, काकडीच्या बिया, ओलं खोबरं, कोंडा लावलेली पोई (गोव्यातला चपटा पाव) बाजूला ठेवा. पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, साधा पाव, मऊ भात, साधा उकडलेला मासा, अंडं चालतं. आदल्या दिवशी इस्पितळ सांगेल तेव्हापासून नुसती पातळ पेयं: पेजेची गाळलेली निवळ, शहाळ्याचं पाणी, बिनदुधाचा चहा. कोकमाचं सरबत मात्र नको, सोलकढीही नको. लाल रंग आतड्याला लागला तर रक्तासारखा दिसतो. मग ते औषध घातलेलं दोन-एक लिटर पाणी, निम्मं रात्री, निम्मं पहाटे. चव खारट-गोडसर, कुणालाच आवडत नाही. थंड करून, नळीने, थोडं थोडं प्या. शेवटी पिवळसर स्वच्छ पाणी पडायला लागलं की तयारी झाली. त्या रात्री न्हाणीघर आपल्या नावावर असल्याचं घरात जाहीर करून टाका. तपासणी अर्ध्या-पाऊण तासाची. आतड्याला इजा होण्याचा धोका असतो, पण साध्या तपासणीत तो हजारात एकाहूनही कमी.

तुमच्यासारख्या इतरांनाही दोन-चार गोष्टी सांगून टाकते. बीट किंवा तांबडी भाजी खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी लाल दिसलं तर घाबरू नका, दोन दिवस ते बंद करून बघा. लोहाच्या गोळ्यांनी मळ काळा होतो तेही ठीक. पण गोळ्या नसताना डांबरासारखा काळा, चिकट, घाण वासाचा मळ झाला तर ते पोटातलं रक्त असू शकतं, त्याच दिवशी दाखवा. पोट फुगलंय, वारा सरत नाही, उलट्या होतायत, किंवा खूप रक्त जाऊन चक्कर येतेय, तर सकाळची वाट न बघता १०८ला फोन करा. तीन आठवड्यांहून जास्त काळ सवय बदललेली राहिली तर कुणाच्याही वयाकडे न बघता तपासून घ्या. आणि चोरीस-पावाचे (चोरीस म्हणजे गोव्यातलं डुकराच्या मांसाचं सॉसेज) शौकीन विचारणारच, म्हणून: जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला कॅन्सरकारकांच्या पहिल्या गटात घातलं, दारू तर त्या गटात आधीपासून आहे. सणासुदीला खाल्लेल्या चोरीसाने आभाळ कोसळत नाही, रोजच्याची गोष्ट वेगळी. मासळीवाल्यांनी आणि शाकाहाऱ्यांनी ‘आम्हाला होत नाही’ म्हणून मिशीवर ताव देऊ नये, त्यांनाही होतो.

ताई, अहवाल आला की एका ओळीचं पत्र पाठवा, काहीही निघालं तरी. आणि तपासणीच्या दिवशी स्कूटर घरीच ठेवा. गुंगी उतरल्यासारखी वाटली तरी दुसऱ्या सकाळपर्यंत चालवायची नसते.